बोटं लागली पाहिजेत

आमच्या घरात पाणी देण्याची एक रीत होती. कोणीही येवो, पोस्टमन येवो, दूधवाली गेंदाबाई येवो, नाहीतर फॅक्टरीतले बाबांचे साहेब येवोत (ते एकदाच आले, तेही पावसानं गाठलं म्हणून), पेला भरायचा, फडक्यानं पुसायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. स्टुलावर ठेवायचा नाही. ओट्यावर तर नाहीच नाही. आणि देताना आपली बोटं घेणाऱ्याच्या बोटांना लागली पाहिजेत. बाबा समोर बसून बघायचे. लागली नाहीत तर पाहुणा गेल्यावर मला बोलवायचे. "पंची, पाणी तर देल्लं तू. पण माणसाले देल्लं का पेल्याले देल्लं?" पंची म्हणजे मी, पंचशीला. गेंदाबाई सुरुवातीला बिचकायची, पेला दोन बोटांत वरच्यावर धरायची. मग तिलाही सवय झाली. आता माझ्या सुनेकडे पाणी ट्रेमधून येतं. मी काही बोलत नाही, पण पेला उचलताना तिच्या बोटाला बोट लावते. तिला वाटतं, आईंची नजर कमी झाली.

घर कांचघर नावाच्या मोहल्ल्याच्या मागच्या अंगाला, रेल्वे लाइनीच्या बाजूचं. दोन खोल्या, वर कवेलू, समोर ओटा. पहाटे फॅक्टरीचा भोंगा व्हायचा आणि सगळी गल्ली एकदम खोकायला लागायची, चुली पेटायच्या, लाइनीवर डबे एकमेकांवर आदळायचे. माय भाकरी थापायची. इथले, हिंदी मुलखातले, सगळे गहू खाणारे, पण आमच्याकडे ज्वारीचं पोतं नागपूरकडून यायचं, कोणी ना कोणी आणायचंच, आणि ते आलं की माय त्यात हात घालून नुसती उभी राहायची. भाकरीबरोबर जवसाची चटणी, आंबाडीची भाजी, पोळ्याच्या दिवसांत वडे. गल्लीत सगळी घरं आपल्याच लोकांची, सगळे नागपूर-वर्ध्याकडून फॅक्टरीच्या नोकरीसाठी आलेले. गल्लीत मराठी, सडकेवर हिंदी आणि भांडताना दोन्ही. भिंतीवर दोनच फोटो: एक बुद्धाचा, एक निळ्या कोटातला. त्यांच्यामधल्या खिळ्याला बाबांची डब्याची पिशवी.

बाबा सातवी शिकलेले, फॅक्टरीत फिटर. पण गल्लीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत, कारण रविवारी सकाळी विहारात ते मुलांचा वर्ग घेत. विहार म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, मागे बांधकामासाठी आणलेल्या विटांचा ढीग. त्या विटा मी लहान होते तेव्हापासून तिथेच होत्या. वर्गात वंदना व्हायची, मग प्रतिज्ञा, मग बाबा सांगायचे. नवस करायचा नाही. अंगात येतं ते खोटं. प्रसाद घ्यायचा नाही. कोणाच्या पाया पडायचं नाही. आणि ते काहून, ते सांगताना बाबांचा आवाज खाली यायचा. त्यांच्या गावी पाटलाच्या विहिरीला आपल्या माणसानं हात लावायचा नाही. तहान लागली तर लांब उकिडवं बसायचं आणि वाट बघायची. पाटलीणबाईला दया आली तर ती तांब्या घेऊन यायची आणि वरून धार सोडायची. बाबा नुसतं सांगत नसत, करून दाखवत. "बस खाली. कोपरं गुडघ्याले टेकव. ओंजळ तोंडापाशी. मान वर नाही करायची. मान वर झाली का धार बंद." एक मूल बसायचं, दुसरं तांब्या धरायचं. पाणी नाकात जायचं, सदरा भिजायचा. हसणारं पोरसुद्धा ओंजळीत तोंड घातलं की गप्प व्हायचं. बाबा म्हणायचे, "हे विसरायचं नाही."

आम्ही विसरलो नाही.

मोठ्या माणसांनी केलेला नियम मुलांच्या हातात पडला की तो लोखंडाचा होतो, हे मी पुढे आयुष्यभर बघितलं. घरोघरच्या आया कुठे ना कुठे वाकायच्या. एखादी गुपचूप लिंबू उतरवायची, एखादी शीतलामाईच्या दिवशी चूल पेटवायची नाही. मुलं वाकत नसत. शाळेत कोणी प्रसाद दिला तर आम्ही मुठीत घेऊन सडकेपर्यंत यायचो आणि एकमेकांसमोर मुठी उघडायचो. अशोकनं एकदा पेढा खाल्ला. तो गल्लीतला सगळ्यात बडबड्या पोट्टा, पेढ्यापुढे टिकला नाही. त्याला नळावर चूळ भरायला लावून सगळ्यांसमोर वंदना म्हणायला लावली. झालं, फिटलं. दसऱ्याला आमची माणसं बस करून नागपूरला जायची, तेव्हा तिलवाऱ्याच्या पुलावर बस आली की बाकीच्या गाड्यांतली माणसं नर्मदेत पैसा टाकायची, हात जोडायची. आम्ही मुलं खिडकीबाहेर बघतच नसू. आम्ही एकमेकांचे हात बघायचो. सुनंदा उभी राहून सगळ्यांच्या मांडीवरचे हात तपासायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही. एकदा तिनं स्वतःच्या आजीची मूठ धरून ठेवली होती, पूल संपेपर्यंत.

सुनंदा माझी मैत्रीण. माझ्यापेक्षा एका वर्गानं पुढे, उंच, दोन घट्ट वेण्या, आवाज कधी न चढवणारी. तिच्यात लबाडी नव्हती. चिंचा वाटायच्या असल्या की आम्ही तिच्याच हातात द्यायचो, कारण ती स्वतःला शेवटची घ्यायची. ती अजून आहे, अधारतालला राहते, गुडघे गेलेत. हे लिहायला घेतलं तेव्हा मी तिला फोन करून विचारलं, तुझं नाव बदलू का? म्हणाली, "काहून बदलते? झालं तसं लिही."

माझ्यामागे राहुल झाला. मधे दोन गेले होते, म्हणून त्याच्यावर मायचा जीव जरा जास्तच. दोन वर्षांचा होईपर्यंत बरा होता, ओट्यावर धावायचा, गेंदाबाईच्या चरवीत हात घालायचा. मग ताप यायला लागला. यायचा, जायचा, परत यायचा. पोट पुढे आलं आणि पाय काडीसारखे झाले. बाबा त्याला फॅक्टरीच्या दवाखान्यात न्यायचे. तिथून लाल औषधाची बाटली मिळायची, तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. बाबा पट्टीप्रमाणे औषध पाजायचे, एक थेंब इकडे-तिकडे नाही. बाटली संपायची, नवीन यायची. राहुल धावायचा थांबला, मग चालायचा, मग नुसता मायच्या कमरेवर. त्याला जवसाची चटणी आवडायची. माय भाकरीचा पापुद्रा त्यात नावापुरता बुडवून त्याच्या जिभेला लावायची आणि तो तिच्याकडे बघत राहायचा. त्यालाच तिची काळजी वाटत असल्यासारखा.

गेंदाबाई रोज बघायची. एक दिवस तिनं दुधाचं माप घातलं, चरवी खाली ठेवली आणि मायला म्हणाली, "बिन्ना, ऐसे न बैठो. हमारे घर माई के जवारे बोए हैं. मोड़ी के मूड़ पे धरवा दो, मोड़ा ठीक हो जैहै." मोड़ी म्हणजे मी, मूड़ म्हणजे डोकं, मोड़ा म्हणजे राहुल. गेंदाबाईच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही सांगते. तिच्याकडे जे होतं ते ती देत होती. नवरात्रात तिच्याकडे मातीच्या भांड्यांत गहू पेरत. अंधारात उगवलेले ते पिवळे कोंब म्हणजे जवारे. नवमीला बायका-मुली ते डोक्यावर घेऊन वाजत-गाजत तलावावर शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, नेत. मायनं दूध आत नेलं. पण त्या दिवशी भाकर करपली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा नेहमीसारखे बसनं नागपूरला गेले. राहुल आजारी म्हणून आम्ही मागे राहिलो. सुनंदाही मागे राहिली होती, तिची आजी पडली होती. बस गेली आणि मायनं मला घरात ओढून दार लोटलं. "पंची, आंघोळ कर. न्हाऊन घे चांगली."

"काहून?"

"गेंदाबाईकडे जायचं हाय."

मला कळलं. मी म्हटलं, "बाबा?"

माय माझ्यासमोर खाली बसली, माझे दोन्ही हात धरले. माय कोणापुढे अशी बसलेली मी बघितली नव्हती. "तुह्या बाबाचं सगळं खरं हाय, बाई. मी नाही म्हणत का? पण एक डाव करून पाहू. नाही झालं तर नाही. पण केलंच नाही अन् गेलं लेकरू, तर मी कोणाले तोंड दाखवू?"

मी अकरा-बारा वर्षांची होते. मला प्रतिज्ञा पाठ होत्या, मी वर्गात पुढे उभी राहून म्हणायची. आणि राहुल त्या वेळी खाटेवर बसून हातातली रिकामी लाल बाटली उन्हात धरून बघत होता. मी न्हाले.

गेंदाबाईनं माझे पाय रंगवले, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली आणि वर ते भांडं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, ओल्या मातीचं. ढोलक, झांज, भगतं, म्हणजे देवीची गाणी, म्हणणारे म्हातारे, गालातून आरपार लोखंडी सळई घातलेला एक तरणा माणूस, त्याच्या तोंडातून रक्त येत नव्हतं आणि मला तेच बघत राहावंसं वाटत होतं. कोंबांचा वास येत होता, ओला, गोडसर. मी मनात "राहुल, राहुल" एवढंच म्हणत होते. देवीचं नाव घेतलं नाही. तेवढा मी माझ्यापुरता करार केला होता. मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाणार हे मायला माहीत नव्हतं, गेंदाबाईला त्यात काही वाटलं नसणार. नाल्यावरच्या पुलियावर सुनंदा उभी होती, हातात घासलेटची कॅन. तिनं मला बघितलं. हाक मारली नाही, तोंड फिरवलं नाही. तिची नजर डोक्यावरच्या भांड्यावरून निघाली आणि सावकाश खाली माझ्या लाल पायांपर्यंत आली. मग तिनं कॅन एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि घरी निघून गेली.

नागपूरहून माणसं परत आली. गल्लीत पुस्तकं, कॅलेंडरं, निळे बिल्ले वाटले गेले. कोणी काही बोललं नाही. मोठ्यांपर्यंत काही न्यायचं नाही, हाही आम्हा मुलांचा नियमच होता, आणि सुनंदानं तो मोडला नाही. रविवारी वर्ग सुटल्यावर मला विटांच्या ढिगामागे बोलावलं. सगळी पोरं होती. सुनंदा विटांवर बसली होती, अशोक तिच्याजवळ.

"पंची, तू जवारे उचलले?"

"हो."

कोणीतरी तोंडानं ढोलकी वाजवली, अशोकनंच. "माई आ गई, माई! आशीर्वाद दे, माई!" दोघं-तिघं हसले. सुनंदानं त्याच्याकडे बघितलं, तो थांबला. मग त्यानंच जरा नरमून विचारलं, "जबरदस्तीनं नेलं का तुले कोणं?"

सुटायची वाट तिथेच होती. "मायनं नेलं" एवढं म्हटलं असतं तर नळावर चूळ, एक वंदना आणि संपलं. पण मोठ्या माणसाचं नाव आलं की ते मुलांपुरतं राहिलं नसतं, घरोघर गेलं असतं, तिथून बाबांपर्यंत. रविवारी मुलांना नवस करू नका सांगणारे गुरुजी, आणि त्यांचीच बायको. मी म्हटलं, "नाही. मी माझ्या मनानं गेली."

"काहून?" सुनंदानं विचारलं.

"राहुलसाठी."

"अन् झाला का बरा?"

"होईल."

 सुनंदा अगदी हळू म्हणाली, "मंग तू मानते, पंची." मी काही म्हणायच्या आत तिनं परत म्हटलं, "अशोकले पेढा आवडला म्हणून त्यानं खाल्ला. तुले तर सगळं पाठ हाय. तू तर आम्हाले शिकवते." तेवढाच निकाल. ज्याला माहीत नाही त्याला मुलं सोडून देतात. माहीत असून करणाऱ्याला सोडत नाहीत. परवा माझी नात, जिला मराठी समजतं पण बोलताना हिंदीत घसरते, मला फोन दाखवत म्हणाली, "आजी, हमने उसको ग्रुप से निकाल दिया." मी विचारलं, काहून? "उसने मॅडम को बता दिया ना." तिच्या चेहऱ्यावर मजा नव्हती, रागही नव्हता. केर काढून झाल्यावर असते तशी शांतता होती. ती शांतता मी ओळखते.

दुसऱ्या दिवसापासून मी "जयभीम" म्हटलं की उत्तर येईना. तुम्ही या वस्तीत वाढला नसाल तर याचा अर्थ कळायचा नाही. ज्याच्याशी डोकं फुटेपर्यंत भांडण झालं त्यालाही जयभीमचं उत्तर देतात. मी नळावर गेले की रांग जरा पुढे सरकायची, माझ्या घागरीपुढे एक घागरीची जागा रिकामी. लंगडीत मला घेत नसत. शाळेत जाताना ते पुढे, मी मागे, आणि मी पावलं वाढवली की त्यांचीही वाढायची. बाबा विचारायचे, "सुनंदा नाही येऊन राहिली हल्ली?" मी म्हणायची, अभ्यास जास्त हाय तिले. माय ताटावरून मान वर करायची नाही. तिला कळलं होतं. ती काही करू शकत नव्हती, मी तिला करू दिलंही नसतं. राहुलचा ताप दिवाळीत थोडा उतरला होता. मायनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, चला, असू दे, परवडलं. मग परत चढला.

थंडीतल्या एका पौर्णिमेला विहारात सगळी गल्ली जमली. खिरीचं मोठं पातेलं होतं, वंदना झाली, पंगत बसली. पाणी द्यायचं काम नेहमीप्रमाणे मुलांचं. राहुल मायच्या मांडीवर होता, खीर त्यानं तोंडातून बाहेर काढली. मला तहान लागली म्हणून मी मागच्या दारी रांजणापाशी गेले. तिथे सुनंदा, अशोक, आणखी काही जण पेले भरत होते. मी पेल्याला हात घातला. सुनंदानं पेला बाजूला केला. रागानं नाही. तिनं तांब्या उचलला आणि म्हणाली, "बस खाली."

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला लगेच कळलं, कारण ती जे बोलली ते शब्द आमच्याच घरचे होते. मी परत जाऊ शकत होते. पण इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मी बसले. कोपरं गुडघ्याला टेकवली. ओंजळ तोंडापाशी. पाणी थंड होतं, थंडीतल्या रांजणाचं, दात शिवशिवले. नाकात गेलं. मी मान वर केली नाही.

धार तुटली नाही, पण आजूबाजूला एकदम शांतता झाली, म्हणून मी बघितलं. बाबा दारात उभे होते. हातात खिरीचा डाव. किती वेळ उभे होते, माहीत नाही. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "आणखी वर धर, सुनंदा. पाटलीणबाई याच्यापेक्षा वर धरे." सुनंदाला काय करावं कळेना, तिनं खरंच तांब्या वर केला. मग बाबांनी विचारलं, "कोणं शिकवलं हे?"

"तुम्हीच, गुरुजी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं तिनं खरं उत्तर दिलं होतं.

"काय केलं पंचीनं?"

 पोरांनी अजूनही मोठ्यांपाशी चुगली केली नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी ओलं तोंड पुसत राहिले. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून माय उठली, राहुल कमरेवर, आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "तिले काहून विचारता? मी नेलं तिले. जवारे उचलायले. मीच नेलं." आणि बाबा काही बोलायच्या आत तिनं पुढचंही म्हटलं, "तुम्ही पोट्ट्याइले शिकवता, लोक ऐकतात. माह्यं लेकरू सुकून राहिलं, ते मी कोणाले सांगू?"

त्या दिवशी मोठ्या माणसांनी मुलांना झापलं. सुनंदाच्या वडिलांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. पण त्यानं काही बदललं नाही, उलट अवघड झालं. आता मोठ्यांसमोर मला तोंडानं जयभीम मिळायचा, डोळ्यांनी नाही. आणि घरात बाबा बदलले. रविवारचा वर्ग त्यांनी घेतला नाही, पुढेही कधी घेतला नाही. मायशी भांडले नाहीत. फक्त पाणी मागायचे बंद झाले. तहान लागली की स्वतः उठायचे, माठातून घ्यायचे, भिंतीकडे तोंड करून प्यायचे. माय पेला भरून उभी असायची, तोवर त्यांचं पिऊन झालेलं असायचं. मला वाटतं, तिच्यावर राग होता म्हणून नाही. तिच्याकडे काही मागायचं तोंड त्यांना उरलं नव्हतं. हे मला बी.ए. होऊन, नोकरी लागून, संसार झाल्यावर कळलं. आमच्या गल्लीतून बी.ए. झालेली मी पहिली मुलगी. मुलगी म्हणते तोही माझा साधेपणाच, मुलगासुद्धा माझ्याआधी कोणी झाला नव्हता. पण हे पुस्तकात नव्हतं.

थंडी सरत आली तेव्हा राहुल गेला. सकाळी, भोंग्याच्या वेळी, मायच्या मांडीवर. बाबा फॅक्टरीचे कपडे घालून तयार होते. ते तसेच त्याच कपड्यांत त्याला घेऊन गेले. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. चार माणसं बरोबर गेली. मी नळावर पाणी आणायला गेले, कारण घरात पाणी नव्हतं, आणि मागून कोणीतरी हळूच म्हटलं, "अन् देवी कोठी गेली आता?" आवाज कोणाचा ते मी बघितलं नाही. घागर भरून परत आले. वाटेत सांडली नाही.

त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारचे जेवण आणतात. संध्याकाळी ओट्याखाली सुनंदा येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत खिचडीचं भांडं, वर ताटली. तिच्या आईनं पाठवलं होतं, पण आणायला ती स्वतः आली होती, तिला धाकटा भाऊ होता पाठवायला. मी दारात होते. माय आत भिंतीला टेकून बसली होती, बाबा खाटेवर. सुनंदानं भांडं पुढे केलं. तिची बोटं गरम भांड्यानं लाल झाली होती.

मी म्हटलं, "खाली ठेव."

हात पुढे केला नाही. आमच्या दारात, बाबांच्या देखत. आणि मला आजही त्याचा पस्तावा नाही, हे लिहून ठेवते. सुनंदानं वाकून भांडं उंबऱ्यावर ठेवलं. मग ती गेली नाही. तशीच उभी राहिली, वेणीचं टोक ओढत. बाबा उठले. त्यांनी उंबऱ्यावरचं भांडं उचलून आत नेलं, माठातून पेला भरला, फडक्यानं पुसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कोणासाठी तरी पाणी भरलं होतं. "ये सुनंदा, पाणी पिऊन जा, बाई," म्हणाले, आणि पेला माझ्या हातात दिला. "दे तिले, पंची." मला कळत होतं त्यांना काय हवं होतं. त्यांना ते बोटांनी पुसून टाकायचं होतं.

सुनंदा ओट्यावर चढली. माझ्यासमोर आली. आणि मी हात पुढे करायच्या आधीच ती खाली बसली. उकिडवी. कोपरं गुडघ्याला टेकवली, ओंजळ तोंडापाशी धरली आणि मान खाली घातली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. चिंचा वाटणारी सुनंदा होती ती. तिचा हिशेब चोख होता.

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "उठ. सुनंदा, उठ, पोरी."

ती उठली नाही. ती माझी वाट बघत होती, बाबांची नाही. मी पेला वर उचलला, माझ्या डोक्याच्या उंचीला, आणि ओतला. सावकाश, बारीक धार, अर्ध्यात न तोडता. तिच्या नाकात गेलं, ती ठसकली, पण तिनं मान वर केली नाही. पेला रिकामा झाला तेव्हा ती उभी राहिली, फ्रॉकला तोंड पुसलं, माझ्या डोळ्यांत बघितलं.

"जयभीम, पंची."

"जयभीम," मी म्हटलं.

फिटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मला शाळेत न्यायला येणार होती, आणि आली. नळावरची जागा मिटली, लंगडीत मी पहिल्या डावाला होते, अशोकनं मला आपल्या वाटची बोरं दिली. मुलांच्या जगात इतकं सरळ होतं ते. सुनंदा ओट्यावरून उतरून गेली तेव्हा मला राहुल गेलेल्या त्या घरातसुद्धा हलकं वाटलं, छाती भरून श्वास आला.

मग मी वळले. बाबा मागेच उभे होते, जिथे होते तिथेच. त्यांनी माझ्या हातातून रिकामा पेला घेतला. बुडाशी धरून घेतला, आणि घेताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली नाहीत.